घरातले सगळे घरात आहेत

भुताखेतांच्या अशा पेजवर येणाऱ्या निम्म्या गोष्टी बनवलेल्या असतात, हे मलाही कळतं. मीही त्या वाचून हसते. ही वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा. पण जिच्या तळहातावर अकरा टाक्यांची खूण आहे, तिच्यासमोर हसू नका.

तारीख बारा डिसेंबर २०२३. मंगळवार. गाव नावन, आयर्लंड. वेळ दुपारी साडेचार.

हो, दुपारी. इथे डिसेंबरात चार वाजताच सूर्य गाशा गुंडाळतो. पाऊस असला की साडेचारला मिट्ट काळोख असतो. त्या दिवशी अमावस्या होती, हे मला नंतर कॅलेंडरवरून कळलं. त्याचा काही संबंध आहे असं मी म्हणत नाही.

जिच्यावर हे गुदरलं ती गिरिजा, माझी मावसबहीण. माझ्याहून सहा वर्षांनी धाकटी. मी मेधा. ल्यूकनला राहते, औषधांच्या कारखान्यात नोकरी करते आणि भुताखेतांशी माझं कधीच जमलं नाही. गिरिजा नावनला, माझ्या घरापासून पाऊण तासावर. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या प्लांटमध्ये ती क्वालिटीचं काम बघते. नवरा सलील, सॉफ्टवेअरवाला. मुलगी रेवा, तेव्हा सहा वर्षांची.

सलील हुशार होता. कबूल. पण त्याची हुशारी घरातल्या माणसांच्या अंगावर यायची. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलतेय, माहीत आहे मला. बोलू द्या.

पुढच्या दाराला त्याने नंबरचं कुलूप बसवलं होतं. चावीच नाही. "चावी म्हणजे म्हाताऱ्यांचं काम," म्हणायचा. दारावर कॅमेऱ्याची बेल. हीटिंग फोनवर, दिवे फोनवर, स्वयंपाकघरात बोलणारा स्पीकर. सगळं एकमेकांना जोडलेलं आणि सगळं त्याच्या अकाउंटवर.

मालक: सलील.

सदस्य: गिरिजा आणि रेवा.

आपल्याकडे ही पद्धतच आहे. घरात ज्याला 'त्यातलं कळतं', त्याच्या नावावर सगळं. फोन बायकोचा, अकाउंट नवऱ्याचं. टॅब सासूबाईंचा, पासवर्ड जावयाचा. कोण कटकट करत बसणार? माझ्या घरीही हेच होतं. आता नाही.

तर हा माणूस डब्लिनच्या ऑफिसात बसून नावनच्या घराचं हीटिंग सतरावर आणायचा. गिरिजाने वाढवलं की पाच मिनिटांत पुन्हा सतरा. "थंडी वाजते? स्वेटर घाल." मी एकदा पुरणपोळ्या घेऊन तिच्या दारात उभी होते. बेल वाजवायच्या आत बेलमधूनच आवाज आला.

"मेधाताई, आज कसं काय येणं केलं?"

अंगावर काटा आला होता माझ्या. आणि तेव्हा तो जिवंत होता.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण सगळं तिच्यापायी झालं. गिरिजाचे वडील, तिचे अण्णा आणि आमचे दिलीपकाका, रेवा अडीच वर्षांची असताना चार महिने इथे राहून गेले. मिरजेचे काका. रोज संध्याकाळी नातीला मांडीवर घेऊन गोष्ट सांगायचे. मनानेच रचलेली. मिरजेहून आयर्लंडला चालत निघालेल्या एका म्हशीची. "मग म्हस म्हंटली, आगं बया, ह्यो समिंदर कुठनं आला मधीच?" आणि रेवा खिदळायची. गिरिजाने ते सगळं सलीलच्या फोनवर टिपून ठेवलं, कारण त्याचा कॅमेरा चांगला. सव्वीस व्हिडिओ.

परत गेल्यावर वर्षभरात काका गेले.

त्या सव्वीस गोष्टी सलीलच्या अकाउंटात होत्या. दुसरीकडे कुठेही नव्हत्या. गिरिजा कॉपी मागायची. तो म्हणायचा, "आपलंच तर आहे सगळं. कॉपी कशाला?"

आपलंच.

ऑक्टोबरात सलील गेला. ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसल्या बसल्या. वय एक्केचाळीस.

दुसऱ्याच दिवशी गिरिजाने त्या अकाउंटवाल्या कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी अगदी गोड बोलली. मालक गेला की अकाउंट बंद होतं. त्यातलं सगळं पुसलं जातं. त्याने वारस नेमला असेल तर गोष्ट वेगळी. नेमला होता का?

नव्हता. असला माणूस कशाला वारस नेमेल!

"मग माझ्या वडिलांचे व्हिडिओ?"

"आय ॲम सो सॉरी फॉर युअर लॉस," ती मुलगी म्हणाली.

गिरिजाने नाव न सांगताच फोन ठेवला. आणि तिने ठरवलं... सांगायचंच नाही कुणाला. अकाउंटात सलीलला जिवंत ठेवायचं.

यापुढचं तिने मला फार उशिरा सांगितलं.

इथे माणूस गेला की त्याला फ्युनरल होममध्ये ठेवतात. सूट घालून, हात छातीवर जुळवून. शेजारीपाजारी, ऑफिसचे लोक रांगेने येऊन भेटून जातात. लोक यायच्या आधी घरच्यांना थोडा वेळ एकटं सोडतात. गिरिजाला दहा मिनिटं मिळाली.

तिच्या पर्समध्ये सलीलचा फोन होता. तीन दिवस कुणी उघडला नव्हता, म्हणून त्याने विचारलं होतं... मालक तुम्हीच ना? मालक म्हणून पुढे चालू राहायचं? होय म्हणायला अंगठा लागणार होता.

तिने दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं.

तिने त्याचा उजवा हात सोडवला. गार. जड. अंगठा काचेवर टेकवला.

नाही झालं.

तिने तो अंगठा आपल्या दोन्ही हातांत धरून चोळला. त्यावर तोंडाची वाफ दिली. पुन्हा टेकवला...

फोन थरथरला.

'धन्यवाद, सलील. तुम्ही मालक म्हणून पुढे चालू राहाल.'

ती सांगते, दुसऱ्या खेपेला तिने फक्त काच जवळ नेली होती. जोर तिने लावला नव्हता.

घरी येऊन तिने तो फोन बंद केला. स्टीलच्या डब्यात घातला आणि जिन्याखालच्या प्रेसमध्ये ठेवला. कपाटाला इथे प्रेस म्हणतात, आमच्याही तोंडी तेच बसलंय आता.

तिच्या स्वतःच्या फोनवर व्हिडिओ दिसायचे. पण उतरवून घ्यायला गेलं की मालकाचा अंगठा मागायचे. आणि अंगठ्याची तर राख झाली होती. गिरिजा क्वालिटीतली बाई, हार मानणारी नव्हे. तिने ऑफिसने दिलेल्या फोनने स्क्रीनचंच शूटिंग केलं. सव्वीसच्या सव्वीस. मग एक लावून बघितलं.

काकांचे ओठ हलत होते. रेवा हसत होती.

आवाज नव्हता.

आवाजाच्या जागी... कुणीतरी अगदी माईकजवळ तोंड नेऊन श्वास घेत होतं.

सव्वीसही व्हिडिओंत तेच. तिने स्वतःची समजूत घातली की ऑफिसचा फोन खराब आहे. आपण सगळेच अशी समजूत घालतो.

मग दिवाळी आली. सलीलला वर्ष झालं नव्हतं म्हणून काही करायचं नव्हतं. पाडव्याच्या दिवशी, जेव्हा बायको नवऱ्याला ओवाळते त्या दिवशी, संध्याकाळी सहाला दहा कमी असताना तिचा फोन वाजला.

'सलील घरी पोचला.'

हीच त्याची रोजची यायची वेळ. ती कान देऊन ऐकत राहिली...

पुढच्या दाराचं कुलूप उघडलं. खट्.

दार उघडलं नाही. फक्त कुलूप. आणि अर्ध्या मिनिटाने पुन्हा लागलं. खट्.

ती जिन्याखाली गेली. डबा उघडला. फोन बंद होता.

त्यानंतर हे रोजचंच झालं. सहाला दहा कमी. घरी पोचला. खट्... खट्.

तुम्ही म्हणाल, मग तिने अकाउंट बंद का नाही केलं? मीही तेच म्हणाले, नंतर. ती म्हणाली, "अण्णांचा आवाज होता गं त्यात. आणि ही सगळी यंत्रंच तर आहेत. चुकलं असेल काहीतरी."

एके दिवशी रेवा टॅब घेऊन नाचत आली. इथे वाढलेलं पोर, मराठी सगळं कळतं, पण बोलतं इंग्रजीत, तेही पक्क्या आयरिश हेलात.

"मम्मा, बाबा सेड येस!"

एक नवा खेळ हवा होता तिला. मुलांनी काही मागितलं की मालकाकडे परवानगीसाठी जातं. गिरिजाने टॅब हातात घेतला. 'सलील यांनी परवानगी दिली.' एका मिनिटापूर्वी.

पोर किती खूश झालं होतं! गिरिजाला त्याक्षणी भीती वाटली नाही, रडू आलं. रेवा मग रोज काहीबाही मागायला लागली. खेळ, स्टिकर, कार्टून. प्रत्येक वेळी होय.

तिने बाप असताना इतक्या वेळा होय कधी ऐकलं नव्हतं.

डिसेंबर लागला आणि मी गिरिजाच्या मागे लागले. घर विक, ल्यूकनला माझ्याजवळ ये. तिलाही पटलं. फोनवर ती मला म्हणाली, "हो ताई, विकूया."

आमचा फोन मधूनच बंद पडला.

तिच्या फोनवर आलं, 'तुमची आजची वेळ संपली. सलील यांना विचारा.'

सदतीस वर्षांची बाई. स्वतः कमावणारी. शाळकरी पोराला घालतात तसं कुलूप तिच्या फोनला.

त्या दिवसापासून हीटिंग सतराच्या वर जाईना. कॅलेंडर, नकाशे, फोन नंबर, सगळं 'सलील यांना विचारा'. सोमवारी, अकरा तारखेला, घर बघायला एजंट येणार होता. गिरिजा वाट बघत बसली, बेल वाजलीच नाही. संध्याकाळी ऑफिसच्या फोनवर त्याचा मेसेज... तुमचे मिस्टर बेलवरून म्हणाले की घर विकायचं नाहीये. मग मी परत गेलो. तुमचं नक्की काय ते ठरवून कळवा.

तिने तो मेसेज मला पाठवला. मी म्हटलं, "उद्या ऑफिस सुटलं की येते. बॅग भरून ठेव. उद्या रात्री तू माझ्या घरी झोपायचं."

तो उद्या म्हणजे बारा तारीख.

गिरिजाने सुट्टी घेतली होती. रेवा शाळेतून येऊन स्वयंपाकघरात टॅब घेऊन बसली होती. दोन बॅगा भरून झाल्या. बुधवारी कचऱ्याची गाडी येते, म्हणून जाता जाता बिन बाहेर ठेवावा असं तिला वाटलं. इतकं साधं काम. वीस पावलं.

बाहेर पाऊस आडवा मारत होता. दार मागे लागू नये म्हणून तिने फटीत स्वतःचा एक बूट अडकवला. पायात घरातल्या सपाता. फोन आत ओट्यावर.

बिन फाटकापाशी उभा करून ती वळली...

दार बंद होतं.

बूट पायरीवर होता. सरळ. टाच भिंतीला लावून. सलील ठेवायचा तसा.

तिने नंबर दाबला. रेवाची जन्मतारीख. लाल दिवा. पुन्हा दाबला. लाल. तिसऱ्यांदा सगळी बटणं विझून गेली.

तिने बेल दाबली. बेल वाजून थांबली. मग बेलमधून ती बारीक खरखर आली, पलीकडून कुणीतरी ऐकत असलं की येते ती.

"कोण?"

सलीलचा आवाज.

गिरिजा बेलच्या अगदी जवळ गेली.

"मी. गिरिजा. दार उघड."

खरखर...

"कोण गिरिजा?"

"सलील, रेवा आत आहे. दार उघड!"

नुसता पाऊस. मग अगदी शांतपणे, सेल्समनला दारातून कटवतात तसं तो म्हणाला,

"घरातले सगळे घरात आहेत."

खरखर बंद.

ती दारावर धडका मारायला लागली. तेवढ्यात शेजारची नोरीन छत्री घेऊन आली. सत्तरीची बाई. सलील गेला तेव्हा तीच दोन दिवस येणाऱ्याजाणाऱ्यांना चहा करून देत होती. ती अर्ध्या वाटेत थबकली. चेहरा पांढराफटक.

"तो आवाज मीही ऐकला," ती म्हणाली. "पोरी, आत कोण आहे?"

गिरिजा उत्तर द्यायला थांबली नाही. घराच्या बाजूने मागच्या दारी धावली. मागच्या दाराला साधं कुलूप आणि चावी आतून लावलेली. दाराची वरची अर्धी बाजू काचेची. आत दिवा होता. टेबलाशी रेवा.

"रेवा! दार उघड, बाळा!"

रेवाने मान वर केली. पण आईकडे नाही पाहिलं. शेजारी पाहिलं... वर... मोठ्या माणसाच्या तोंडाकडे बघावं तसं.

तिने टॅब खाली ठेवला. खुर्चीवरून उतरली. आणि उजवा हात वर केला.

बापाबरोबर चालताना ती त्याचा अंगठा धरायची. मूठ करून. अगदी तशीच मूठ होती. त्याच उंचीवर.

ती चालायला लागली.

ती स्वयंपाकघराबाहेर पडली आणि तिथला दिवा विझला. मग पॅसेजमधला. मग जिन्यावरचा. गिरिजा काचेवर मुठी आपटत होती आणि घर एकेका दिव्याने तिच्यासमोर मिटत चाललं होतं.

नोरीनने शेडमधून कोळसा फोडायचा हातोडा आणला. डबल काच. चौथ्या घावाला फुटली. गिरिजाने हात आत घालून चावी फिरवली. तळहात मनगटापर्यंत फाटला, ते तिला कळलंही नाही.

आत बाहेरपेक्षा गार होतं.

ती अंधारात जिना चढली. वरच्या मजल्यावर सलीलची कामाची खोली. रेवा त्याच्या खुर्चीत बसली होती. अंधारात. पाय लोंबकळत होते. उजवी मूठ खुर्चीच्या हातावर, अजून तशीच वळलेली.

"चल बाळा. चल, मेधामावशीकडे जायचंय."

रेवा शांतपणे म्हणाली, "यू आर नॉट इन द फॅमिली एनीमोर, मम्मा. बाबा टुक यू आउट."

"काय?"

"इट्स ग्रँड. ही सेज आय कॅन स्टे."

गिरिजाने तिला कमरेत धरून उचललं. ती उचलली जाईना. एवढंसं पोर! गिरिजाने सगळा जोर लावला. खुर्ची हलली, पण रेवाचा उजवा हात जागचा हलला नाही. दंडापासून ताणला गेला. कुणीतरी पलीकडून धरल्यासारखा.

"मम्मा, दॅट हर्ट्स!"

आणि तेव्हा गिरिजाला कळलं की आपण आणखी ओढलं तर पोराचा हात निखळेल. तो सोडणार नाही. जिवंत असतानाही त्याने हातातलं कधी काही सोडलं नव्हतं.

तिने ओढणं थांबवलं. ती गुडघ्यांवर बसली. हातातून रक्त गळत होतं. ती त्या अंधाराला म्हणाली,

"ठेव. सगळं ठेव तुझं. फोटो ठेव. अण्णांच्या गोष्टी ठेव. मला त्यातलं काही नको. मी पुन्हा मागणार नाही. हिला सोड."

काही झालं नाही.

"सलील, माझे अण्णा ठेव तू. हिला सोड रे."

रेवाची मूठ सैल झाली.

गिरिजाने तिला छातीशी धरलं आणि जिना उतरली. पॅसेजमध्ये आल्या आणि स्वयंपाकघरातला स्पीकर सुरू झाला. काका. खणखणीत आवाजात.

"मग ती म्हस म्हंटली, आलं बग बाळा आयर्लंड. आता म्हस कुणाच्या दारात जायाची, तर..."

बंद झाला.

ती शेवटची, सव्विसावी गोष्ट होती. म्हैस आयर्लंडला पोचते ती. तिचा शेवट आता जगात कुठेही ऐकायला मिळणार नाही, असं तेव्हा आम्हाला वाटलं. मुद्दाम केलं त्याने ते. मला त्याचा सगळ्यात जास्त राग त्याच एका गोष्टीसाठी येतो.

मी पावणेसहाला पोचले, तेव्हा दोघी नोरीनच्या घरात शेगडीपुढे बसल्या होत्या. गिरिजाच्या हाताला टॉवेल गुंडाळलेला, तो लाल झालेला. नावनच्या हॉस्पिटलात अकरा टाके पडले. तिथल्या बाकावर तिने मला अंगठ्याचं सांगितलं.

त्याच रात्री माझ्या घरून तिने सलीलच्या मृत्यूचा दाखला कंपनीला पाठवला. शेवटी एक प्रश्न होता. सर्व काही कायमचं पुसलं जाईल, मान्य आहे का? तिने डाव्या हाताने होय दाबलं आणि मग खूप रडली. आपल्या वडिलांना तिने त्या रात्री दुसऱ्यांदा निरोप दिला.

दुसऱ्या दिवशी मी आणि माझा नवरा अभिजित सामान आणायला गेलो. भर दुपारी. अभिजितने ओट्यावरचा गिरिजाचा फोन उचलला. त्यावर एक ओळ होती, चार एक्केचाळीसची.

'सलील यांनी तुम्हाला कुटुंबातून काढलं आहे.'

मग त्याने जिन्याखालचा डबा उघडला. सलीलचा फोन बंदच होता. पण डबा कोमट होता, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला वाफ धरली होती. अभिजित इंजिनिअर आहे. त्याने झाकण परत गच्च लावलं.

घर विकलं गेलं. गिरिजा आता मेनूथला राहते. दाराला चावी आहे. घरात स्पीकर नाही, टॅब नाही. तिच्याकडे बटणांचा फोन आहे.

इथेच संपलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

जानेवारीत कंपनीचं पत्र आलं. अकाउंट बंद केलं आहे. मात्र बंद होण्यापूर्वी मालकाने आपल्या सर्व वस्तू कुटुंबातील सदस्याच्या नावे केल्या होत्या, त्यामुळे त्या पुसता आल्या नाहीत.

दिनांक बारा डिसेंबर. वेळ चार बावन्न. मंजुरी, अंगठ्याने.

नवा मालक: रेवा.

फोटो. सव्वीस व्हिडिओ. सगळं. मालक लहान असल्याने वस्तू राखून ठेवल्या आहेत. आईच्या संमतीने रेवाने अंगठा टेकवला की लगेच मिळतील. सोळा वर्षं पूर्ण झाली की आईची संमतीही लागणार नाही.

मी गिरिजाला म्हटलं, काका आहेत त्यात. एकदा टेकवू दे पोरीला.

तिने पत्राची घडी घातली.

"तो पलीकडून अंगठा टेकवून बसलाय, ताई," ती म्हणाली. "नाही."

ते पत्र तिने माझ्या गॅसवर जाळलं. रेवा तेव्हा अभिजितबरोबर बागेत होती. त्या पत्राबद्दल आम्ही दोघींनी तिच्यासमोर एक अक्षर काढलेलं नाही. अभिजितलाही अजून सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात रेवाचा आठवा वाढदिवस झाला. केक कापून झाल्यावर ती माझ्या शेजारी येऊन बसली. मी विचारलं, काय हवं गं तुला वाढदिवसाला?

"नथिंग, मावशी," ती म्हणाली. "आय'ल वेट टिल आय'म सिक्स्टीन."

मी हसून विचारलं, सोळाच का?

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. शेजारी पाहिलं. थोडं वर.

सोळा हा आकडा तिला कुणी सांगितला, ते आम्हाला माहीत नाही. मी सांगितला नाही. गिरिजानेही सांगितला नाही.